पेढीवरील स्नेहभोजन : नियोजन आणि अनुभव

वर्षभर ज्यांच्या खांद्यावरून आपला माल चढतो-उतरतो, ज्यांच्या लेखणीतून आपला हिशेब उतरतो आणि ज्यांच्या खात्यांवर आपली आवकजावक चालते, त्या सर्वांना वर्षातून एकदा आपल्या छपराखाली बसवून जेवू घालावे, ही चाल व्यापारी समाजात जुनी आहे. नव्या पिढीने तिला ‘कंपनीची पार्टी’ असे नाव दिले. नावाविषयी आमची तक्रार नाही. परंतु नावाबरोबर जागाही बदलू लागली आहे, हे मात्र आम्हांस खटकते. पणजीला किंवा कळंगुटला हॉटेलातील दालन घ्यावे, माणशी दर ठरवावा, आणि रात्री नऊनंतर जेवण वाढण्यास सुरुवात व्हावी, असा प्रघात पडत चालला आहे. अशा ठिकाणी हमालांपैकी निम्मे येत नाहीत. जे येतात ते हातात बशी घेऊन भिंतीच्या कडेने उभे राहतात आणि घरी परतताना शेवटची बस गेली म्हणून हळहळतात. ज्यांच्यासाठी समारंभ, तेच तेथे परके होतात.

आमची वखार डिचोली तालुक्यातील आमोणे या गावी आहे. न्हावेली, कुडणे, सुर्ल, पाळी, वेळगे या आसपासच्या गावांतील किरकोळ दुकानदार व खातेदार आमच्याकडून तांदूळ, कडधान्ये व पिठे नेतात. येथे दरवर्षी दिवाळीला वखारीतच स्नेहभोजन होते. हे काम कसे योजावे याविषयी सभासद बंधूंकडून वेळोवेळी विचारणा झाली, म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी हे चार शब्द.

प्रथम दिवाळीच का, ते सांगणे अगत्याचे आहे. पूर्वी व्यापाऱ्याचे वर्ष दिवाळी ते दिवाळी असे. आयकर कायद्यातील दुरुस्तीने ३१ मार्च १९८९ रोजी संपणाऱ्या वर्षापासून सर्वांना एप्रिल ते मार्च हेच हिशेबी वर्ष सक्तीचे झाले, आणि वहीपूजनाचा हिशेबाशी असलेला प्रत्यक्ष संबंध तुटला. पुढे १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि कीर्द-खतावणी संगणकात गेली. आमचे चिरंजीव पाटावर कोऱ्या वहीशेजारी संगणकही ठेवतात व त्यालाही कुंकू लावतात. आम्ही काही बोलत नाही. हिशेबाचे कारण गेले तरी माणसे जमण्याचे कारण उरलेच. मुंबईच्या शेअर बाजारात १९५७ पासून लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मुहूर्ताचे सौदे होत आले आहेत, त्यामागेही आपल्या धंद्याच्या जागी त्या दिवशी हजर असावे हीच भावना असली पाहिजे. ही भावना केवळ आपल्याकडचीच असे नव्हे. चार्ल्स डिकन्सच्या १८४३ सालच्या नाताळकथेत फेझिविग नावाचा एक वृद्ध व्यापारी आहे. तो सणाच्या आदल्या रात्री वखारीतील सर्व सामान बाजूस सारतो, जमीन झाडून घेतो, दिवे उजळतो आणि तेथेच आपल्या उमेदवारांसाठी व शेजारपाजारच्या नोकरचाकरांसाठी मेजवानी व नाच करतो. खर्च थोड्याच पौंडांचा. पण त्याच्या हाताखाली शिकलेला मनुष्य म्हातारपणी ती रात्र आठवून गहिवरतो. त्याने ती मेजवानी खाणावळीत दिली असती तर गोष्ट झाली नसती, असे आम्हांस वाटते.

आता प्रत्यक्ष नियोजनाकडे वळू.

दिवाळीच्या दिवसांत धान्याच्या वखारीला एक नैसर्गिक सोय असते. गोव्यात नरकचतुर्दशीच्या सकाळी घरोघर फोव होतात. त्यामुळे पोहे, रवा, बेसन व गूळ हा माल आधीच्या पंधरवड्यात भरभर उठतो आणि सणाच्या तोंडावर मधला चौक मोकळा होतो. ती मोकळी जागा पंगतीची. तेवढ्यासाठी माल हलविण्याचा खर्च करू नये. उलट नवा माल सणानंतरच उतरवून घ्यावा, असे पुरवठादारास आधी कळवावे.

वेळेचा प्रश्न आपल्या समाजात नाजूक असतो. भगवान महावीरांचे निर्वाण याच अमावास्येच्या पहाटेचे, म्हणून सकाळ मंदिराची व निर्वाणलाडूची. लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त प्रदोषकाळी, म्हणजे सूर्यास्तानंतर. आणि सूर्यास्तानंतर आपल्याकडे भोजन नाही. गोव्यात त्या दिवसांत सूर्य सहा वाजून गेल्यावर लगेच मावळतो. पुष्कळजण पूजा आधी व जेवण मागून असा क्रम धरतात आणि मग अर्धा समाज उपाशी घरी जातो. आमच्याकडे पहिली पंगत साडेतीनला व दुसरी साडेचारला बसते. साडेपाचपर्यंत जागा झाडून घेतली जाते, मग पूजा होते. पूजेनंतर येणाऱ्यांस लाह्या-बत्तासे आणि दिवसाउजेडी भरून ठेवलेल्या चिवड्याच्या पुड्या दिल्या जातात. येथील कच्च्या लोखंडाच्या कारखान्यातील मंडळी आपापली पाळी संपवून उशिरा येतात, त्यांनाही पुडी घरी नेता येते व कोणाचे व्रत मोडत नाही.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या मनुष्याच्या ध्यानात येत नाही. चतुर्दशीच्या आदल्या रात्री गावची मुले व तरुण हमाल नरकासुराच्या मागे जागतात आणि पहाटे त्याला जाळून घरी येतात. झोप न झालेल्या माणसास शिडीवर चढवून तोरणे बांधावयास लावू नये. उंचीची सर्व कामे दोन दिवस आधी संपवावी. तसेच गावच्या बेताळाच्या देवळातील किंवा वाड्यावरील काही कार्य त्याच वेळी येते काय, हे आधी विचारून घ्यावे. देवळात बोलावणे असेल तर पंगत अर्धा तास इकडेतिकडे करण्यात कमीपणा नाही.

यापुढील भाग सर्वांनी लक्षपूर्वक वाचावा, कारण त्यात माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. वखार ही पाहुण्यांसाठी बांधलेली जागा नव्हे. तेथे रोज वावरणाऱ्यास ज्या गोष्टी दिसेनाशा झालेल्या असतात, त्या लहान मुलास प्रथम दिसतात आणि त्यांच्याकडे तो प्रथम धावतो.

सर्वांत मोठे भय धुरीचे. धान्याचा धंदा आणि अहिंसा यांची गाठ कोठे पडते, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकास केव्हा ना केव्हा पडलेला आहे. माल नीट सुकलेला घ्यावा, जुना आधी काढावा, जमीन कोरडी ठेवावी, कडुनिंबाचा पाला घालावा, हे सर्व आम्ही करतो. तरीही मांडवीकाठच्या दमट हवेत मोठ्या साठ्याला कधी कधी धुरी द्यावीच लागते. ती ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांची असते. तीन ग्रॅमच्या एका गोळीपासून सुमारे एक ग्रॅम फॉस्फीन वायू सुटतो. माणसांच्या कामाच्या जागी हवेच्या दहा लक्ष भागांत ०.३ भागांहून अधिक फॉस्फीन असू नये, अशी मर्यादा पुष्कळ ठिकाणी मानली जाते, यावरून त्याची तीव्रता कळावी. तो हवेहून किंचित जड असल्यामुळे खालच्या बाजूस, म्हणजे पंगतीला बसलेल्या माणसाच्या नाकाच्या पातळीवर राहू शकतो. त्याला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो. आपल्यापैकी ज्यांच्या घरी लसूण येतच नाही, त्यांस वखारीत लसणाचा वास आला तर स्वयंपाक्यावर संशय घेण्याआधी दारे उघडून सर्वांना बाहेर काढावे! अर्थात वास आला नाही म्हणजे वायू नाही, असेही समजू नये. नाक हे मापाचे साधन नव्हे. म्हणून आमच्या पेढीचा नियम असा की, स्नेहभोजनाच्या आधी पंधरा दिवस कोणत्याही थप्पीला धुरी द्यावयाची नाही. धुरी परवानाधारक तज्ज्ञाकडूनच देववितो, आणि कनाती काढल्यावर त्याने यंत्राने हवा मोजून लेखी दिल्याखेरीज वखार पाहुण्यांस मोकळी करीत नाही. उरलेली करडी पूडही त्यानेच उचलून न्यावी; ओल लागली तर तिच्यातून पुन्हा वायू सुटू शकतो.

दुसरे भय थप्पीचे. पन्नास किलोचे पोते वरून घसरले तर मोठा मनुष्यही आडवा होतो, मग मुलांची काय कथा. आमच्या परिचयातील एका पेढीवर समारंभाच्या दिवशी मुले थप्पीवर चढून उड्या मारीत होती. बाहेरची ओळ सरकली आणि सहा वर्षांच्या एका मुलाचा पाय मांडीत मोडला. पंगतीच्या बाजूच्या थप्प्या उतरवून मोठ्या माणसाच्या छातीइतक्या कराव्या व त्यांना जाड दोराचा आडोसा द्यावा. भिंत आणि थप्पी यांमधील दोन-अडीच फुटांची वाट एरवी हवेसाठी असते. त्या दिवशी ती दोन्ही टोकांनी फळ्या लावून बंद करावी, नाहीतर लपंडाव तेथेच होतो. हमालांचे हूक, परख्या, सुतळीचे दाभण, हे सर्व मोजून पेटीत घालून कुलूप लावावे. माळ्यावर कोणासही जाऊ देऊ नये. वजनकाट्यावर मात्र मुलांना उभे राहू द्यावे. ती त्यांची जत्रा असते, आणि काट्याचे काही बिघडत नाही.

तिसरे भय अग्नीचे. बारदान, सुतळी, कोंडा आणि पिठाची धूळ यांच्यामध्ये आपण दिवाळीचे दिवे लावणार! २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे एका शाळेच्या वार्षिक समारंभात मंडपास आग लागली आणि चारशेंहून अधिक माणसे, बहुतेक लहान मुले, मृत्युमुखी पडली. कापडाचा बंदिस्त मंडप आणि बाहेर पडण्यास अपुरी वाट, यांनी तेथे घात केला. आपल्याकडेही परतीच्या पावसाच्या धाकाने अंगणात मंडप घालावा लागतो. त्यावर ताडपत्री घालावी, पण तिन्ही बाजू उघड्या ठेवाव्या. झावळ्या ओल्याच वापराव्या. वाळलेली झावळी मशालीसारखी पेटते. वखारीची दोन्ही दारे पूर्ण उघडी असावी आणि मागच्या दारासमोर चपलांचा ढीग होऊ देऊ नये. पणत्या उंबऱ्याबाहेर, पूजेची समई पितळी परातीत पाणी घालून मधोमध. चूल व गॅसची नळकांडी थप्पीपासून किमान तीस फुटांवर उघड्यावर ठेवावी. विजेच्या माळा लावण्यापूर्वी तारतंत्र्यास बोलावून जुन्या तारांवर किती भार चालेल ते विचारावे. दोन अग्निशामक नळकांडी आणि चार वाळूच्या बादल्या दिसतील अशा ठेवाव्या, आणि कोण त्या उचलणार हे नावानिशी ठरवावे. फटाके आमच्या आवारात कधीच नव्हते. विमा कंपनीसही लेखी कळवून त्या दिवसाविषयी तिचे उत्तर घेऊन ठेवावे.

भोजनाविषयी लिहावयाचे तर आम्ही थोडे पाल्हाळ लावणार, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. तो आमच्या धंद्याचाच विषय आहे. आपल्या नियमांप्रमाणे कांदा, लसूण, बटाटा व इतर कंदमुळे वर्ज्य. येथील हमाल मासे खाणारे. मग त्यांना हे जेवण गोड लागेल काय, अशी शंका नवे लोक घेतात. गोव्यात सणाचे व देवाचे जेवण शिवराकच असते, त्यामुळे कोणी नाक मुरडत नाही. अडचण येते ती निराळ्या ठिकाणी. येथील मेजवानीचा मानाचा पदार्थ खतखते, आणि ते सुरण, रताळी, माडी अशा कंदांवाचून होत नाही. ते सोडून द्यावे, अर्धवट करू नये. त्याऐवजी मणगणे करावे. चण्याची डाळ, गूळ आणि नारळाचे दूध. वेलची घातली की पाहुणा दुसऱ्यांदा मागतो. त्यात साबुदाणा घालण्याची पद्धत आहे, परंतु साबुदाणा कंदापासून होतो, म्हणून तो गाळावा व दाटपणासाठी थोडे तांदळाचे पीठ लावावे. बरोबर दुध्याची भाजी, कांद्याविना केलेले चण्याचे तोंडाक, वरण, पापड, पुरी, आणि लसूण न घातलेली सोलकढी. भात उकड्या तांदळाचा. घरच्या मंडळींस सुरय बरा वाटतो, परंतु पाहुण्यांना ज्याची सवय तोच भात चांगला. माणशी शंभर ग्रॅम तांदळाचे माप कारकुनाला पुरते. हमालाला दीडशे धरावे. ऐंशी पानांना दहा किलो तांदूळ व चार किलो डाळ काढली तर हात आखडावा लागत नाही. पाने केळीची. पाणी गाळलेले, आणि पेले स्टीलचे.

पंगतीत आधी कोण, हा मुद्दा लहान दिसतो, पण वर्षभराचा कडवटपणा त्यात निर्माण होऊ शकतो. आमच्याकडे पहिल्या पंगतीला हमाल, गाडीवाले व झाडूवाली बाई आपापल्या कुटुंबासह बसतात. दिवाणजी, कारकून आणि व्यापारी पाहुणे दुसऱ्या पंगतीला. घरचे लोक सर्वांत शेवटी. वाढण्याचे काम आम्ही, आमचे बंधू व घरच्या सुना करतो. आचारी फक्त रांधतो. भाषणे नकोत. ज्याची नोकरी संपत आली असेल त्याला नारळ व शाल द्यावी आणि दोन वाक्यांत आटोपावे. बोनस त्या दिवशी वाटू नये. १९६५ च्या कायद्यापासून तो नोकराचा हक्क झाला आहे, जेवणाच्या पानाशेजारी ठेवला म्हणजे तो उपकारासारखा दिसतो. आमच्याकडे तो धनत्रयोदशीपूर्वीच खात्यात जमा होतो. मद्याचा प्रश्न आमच्या आवारात येत नाही. बाहेरून घेऊन आलेल्यास दारातच गोड बोलून उद्या यावयास सांगावे, आणि हे काम मुकादमाकडे द्यावे. मालकाने करू नये.

खर्चाचा विचार करताना २०१२ चे वर्ष आठवते. त्या वर्षी १० सप्टेंबरला राज्य सरकारने खाणी थांबविल्या आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. लक्ष्मीपूजन होते १३ नोव्हेंबरला. आमोण्याहून पाळीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही कडांना ट्रक उभे, मांडवीत बार्जी नांगरलेल्या. आमच्या खातेदार दुकानदारांपैकी बहुतेकांची गिऱ्हाइके ट्रकवाल्यांच्या घरची. त्यांची उधारी थांबली की दुकानदाराची थांबते, आणि दुकानदाराची थांबली की आमची. घरात मतभेद झाले. यंदा समारंभ करणे शोभणार नाही, असे बंधूंचे म्हणणे. आणि केला तर लोक म्हणतील, यांच्याकडे अजून आहे, मग यांचे पैसे कशाला द्या! म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. त्याच सुमारास मुकादमाने दारात उभे राहून विचारले, “शेट, यंदा जेवण नाही म्हणतात, ते खरे काय?” त्याच्या विचारण्यात जेवणाची आशा फारशी नव्हती. पेढी चालणार की बंद होणार, हे त्याला कळून घ्यावयाचे होते. जेवण होणार, असे आम्ही तेथल्या तेथे सांगितले.

रोषणाई नव्हती, एक भाजी कमी केली, मणगणे ठेवले. आमंत्रणाच्या यादीतून एकही नाव गाळले नाही. हमाल सर्व आले. परंतु दुसऱ्या पंगतीत निम्मी पाने रिकामी राहिली. ज्यांच्याकडे बाकी होती ते संकोचाने आले नाहीत. त्या दिवशी वही पाटावर मिटलेली असते व उधारीचा शब्द कोणी काढीत नाही, हा नियम त्यांना ठाऊक होता. तरीही पाऊल उचलले नसेल. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या घरी चिवडा व मणगण्याचा डबा पाठविला. कारकुनाने जातो म्हटले, त्यास आम्ही नको म्हणालो. कारकून दारात दिसला म्हणजे वसुलीला आला असेच वाटते. डबे हमालांनी सायकलवरून पोहोचविले आणि कोणाकडे तो थांबून पाणी प्याला, कोणी डबा घासून लगेच परत दिला, एवढेच येऊन सांगितले. पुढे खाणी सुरू झाल्यावर पुष्कळांनी बाकी हप्त्यांनी फेडली. १६ मार्च २०१८ पासून खाणी दुसऱ्यांदा थांबल्या, तेव्हाही समारंभ त्याच बेताने केला, आणि त्या वर्षी दुसऱ्या पंगतीत पाने कमी रिकामी राहिली. २०१२ ची काही खाती आजही उघडी आहेत. त्यांतील दोघे दरवर्षी जेवावयास येतात.

समारंभाचे काम दुसऱ्या दिवशी सकाळी संपते, रात्री नव्हे. उष्टी पाने रात्रीच दूर न्यावी. गुळाचा एक थेंब जमिनीवर राहिला तर मुंग्यांची रांग थेट तुरडाळीच्या थप्पीला जाते, आणि मग जीवदया व माल दोन्ही सांभाळताना त्रेधा उडते. जमीन प्रथम कोरडी झाडावी, नंतर ओल्या फडक्याने पुसावी. वखारीत पाणी ओतून धुऊ नये. मंडपाची ताडपत्री उन्हात वाळवून मगच घडी घालावी. फळ्या काढून भिंतीकडची वाट मोकळी करावी. हूक व परख्या पेटीतून काढताना पुन्हा मोजून घ्याव्या. आदल्या दिवशी गावातील निम्मी मुले काट्यावर नाचून गेलेली असतात, तेव्हा प्रमाणित वजने ठेवून काटा एकदा तपासावा, आणि मग पहिली गाडी आत घ्यावी.